उंचीची खूण

आमच्या लहानपणी गावच्या जत्रेला जाताना शेवटच्या वळणावर आकाशपाळण्याचा माथा दिसू लागे. आणि तो एकदा दृष्टीस पडला, की बैलगाडीत बसलेल्या आम्हां मुलांचे चित्त ठिकाणावर राहत नसे. तो पाळणा लाकडी होता. आडव्या कण्याभोवती चार पेट्या टांगलेल्या असत आणि दोन धट्टेकट्टे गडी तो हाताने ओढून फिरवीत. आपली पेटी माथ्यावर जाऊन क्षणभर थांबली, की देवळाचा कळस, नदीचे पात्र आणि पलीकडची शेते एकदम नजरेच्या टप्प्यात येत. आणि ती खाली येऊ लागली, की पोटात खड्डा पडल्यासारखे होई. भीती आणि आनंद मनात एकाच वेळी नांदू शकतात, ही गोष्ट मला प्रथम त्या पाळण्याने शिकविली.

विहिरीवरील रहाट आणि जत्रेतील पाळणा यांची चाल एकच. रहाट पाण्याने भरलेले पोहरे वर आणतो, पाळणा माणसांना वर नेतो. म्हणूनच त्याला रहाटपाळणा असे समर्पक नाव मिळाले. असे पाळणे केवळ आपल्याच देशात होते असे नाही. सतराव्या शतकात तुर्की साम्राज्यात हिंडलेल्या युरोपीय प्रवाशांनीही सणाच्या दिवशी तेथील लोक असल्या चक्रात बसून मौज करीत असल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे १८९३ साली अमेरिकेतील शिकागो शहरी भरलेल्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे पोलादी चक्र उभारले. त्याला ३६ डबे होते आणि प्रत्येक डब्यात ६० माणसे मावत; म्हणजे एका वेळी २,१६० माणसांना घेऊन ते फिरू शके. त्याच्या नऊ वर्षे आधी, १८८४ साली, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथील समुद्रकिनारी लामार्कस थॉम्प्सन याने चढउतारांच्या रुळांवरून आपल्याच भाराने घरंगळणारी गाडी सुरू केली होती. तिचा वेग ताशी सहा मैलांच्या आसपास, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडासाच अधिक होता. आज जिला आपण ‘रोलर कोस्टर’ म्हणतो, त्या गाडीचे हे बालरूप होय.

अशा नाना प्रकारच्या खेळांना एकत्र आणून मनोरंजन-उद्याने निर्माण झाली. त्यांच्या इतिहासातील एक प्रसंग मोठा मनोज्ञ आहे. चित्रपटनिर्माते वॉल्ट डिस्ने हे आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिस येथील ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसून गरगर फिरत आणि वडील बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत. मुलांनी खेळावे आणि वडील माणसांनी नुसते बसून राहावे, असे का? जेथे आईबाप आणि मुले एकत्र आनंद लुटतील असे एखादे ठिकाण का असू नये? हा विचार त्या बाकावर त्यांच्या मनात आला, असे त्यांनी पुढे सांगितले. १९५५ च्या जुलै महिन्यात कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे ‘डिस्नेलँड’ सुरू झाले. आपल्या देशात दिल्लीचे ‘अप्पू घर’ १९८४ साली आणि मुंबईजवळ गोराई येथील ‘एस्सेल वर्ल्ड’ १९८९ साली सुरू झाले. त्यानंतर ठिकठिकाणी अशी उद्याने निघाली.

परंतु संपूर्ण कुटुंबाने एकत्र जाणे ही एक गोष्ट आणि संपूर्ण कुटुंबाने प्रत्येक खेळात एकत्र बसणे ही दुसरी गोष्ट. पहिली इष्ट आहे. दुसरी शक्य नाही. ती का शक्य नाही, हे मला वयाची साठी उलटल्यावर आणि तेही थोडी मान खाली घालावी लागल्यावर नीट समजले. तो प्रसंग सांगण्यासारखा आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही घरची सहा माणसे अशाच एका उद्यानात गेलो होतो. मुलगा आणि सून, दहा वर्षांची नात, सहा वर्षांचा नातू आणि आम्ही दोघे वृद्ध, असा आमचा परिवार होता. उद्यानात शिरताच सर्वांत उंच दिसली ती रोलर कोस्टरच्या गाडीची कमान. नातवाने ती पाहिली आणि आजीचा हात सोडून तो तिकडे धावत सुटला. भर उन्हात पाऊण तास रांगेत उभे राहून आम्ही फाटकापाशी पोहोचलो. तेथे एक खांब होता आणि त्यावर १२२ सेंटिमीटरांवर एक तांबडी रेघ ओढलेली होती. फाटकावरील तरुणाने नातवाला खांबाला पाठ लावून उभे केले. त्याचा माथा रेघेच्या खाली राहिला. उणीव होती चार सेंटिमीटरांची.

नातवाच्या डोळ्यांत पाणी तरळले. मी त्या तरुणाला म्हणालो, “अरे बाळ, दोन बोटांचाच तर प्रश्न आहे. त्याचे वडील शेजारी बसतील, हात धरतील. जाऊ दे त्याला.” तो नम्रपणे ‘नाही’ म्हणाला. तेव्हा मी नातवाच्या कानाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, “टाचा थोड्या उचल.” त्याने टाचा उचलल्या. तो तरुण हे सर्व पाहत होता. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “आजोबा, टाचा टेकू द्या. ही रेघ त्याचा पाणउतारा करण्यासाठी नाही. गाडीतली दांडी एवढ्या उंचीच्या माणसालाच नीट धरते. मी त्याला सोडीन हो, पण दांडी त्याला धरणार नाही.”

नातवाने टाचा टेकविल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. छत्तीस वर्षे मी शाळेत शिकविले. परीक्षेच्या वेळी कागद लपविणाऱ्या कितीतरी मुलांना मी उभे करून जाब विचारला होता. त्याच मी आज आपल्या नातवाला खोटे माप देण्यास सांगितले होते. आम्ही दोघे रांगेतून बाहेर पडलो आणि एका झाडाखालच्या बाकावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने त्याने विचारले, “आजोबा, मी लहान आहे म्हणून मला नाही म्हणाले का?” त्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे मला भागच होते. ते उत्तर त्या दिवशी मी त्याला जमेल तसे दिले. येथे ते अधिक सविस्तर देतो.

प्रथम गाडीचा विचार करू. रोलर कोस्टरची गाडी रुळांवरून उडून जाईल, अशी पुष्कळांना भीती वाटते. परंतु या गाडीची चाके आगगाडीच्या चाकांसारखी केवळ रुळांवर टेकलेली नसतात. काही चाके रुळाच्या वर, काही बाजूला आणि काही रुळाच्या खाली असतात. खालून रूळ पकडणाऱ्या चाकांचे एकस्व जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने १९१९ साली मिळविले. तेव्हापासून गाडी रुळांना जखडल्यासारखी राहू लागली. अर्थात गाडी जागा सोडणार नाही अशी तजवीज झाली. आता प्रश्न उरला तो गाडीत बसणाऱ्याचा. गाडी चढावाच्या माथ्यावरून वेगाने खाली वळते, तेव्हा आपले शरीर आधीच्याच दिशेने पुढे जाऊ पाहते. आणि म्हणून आपण आसनावरून वर उचलले जात आहोत असा अनुभव येतो. त्या क्षणी माणसाला जागेवर ठेवते ती मांडीवर येऊन अडकणारी आडवी दांडी.

ही दांडी एका आसनावरील दोघांसाठी पुष्कळदा एकच असते. शेजारी वडील बसले, तर ती त्यांच्या मांडीला लागून थांबते. त्यांच्या मांडीची जाडी आणि सहा वर्षांच्या मुलाच्या मांडीची जाडी यांत किती अंतर आहे, हे घरी बाकावर दोघांना शेजारी बसवून पाहिल्यास सहज कळेल. दांडी वडिलांना घट्ट धरते, परंतु मुलाच्या मांडीवर मोकळी जागा राहते. म्हणजे ज्या वडिलांच्या भरवशावर मी नातवाला गाडीत धाडणार होतो, ते वडीलच त्याच्या दांडीच्या आड आले असते. शिवाय लहान मुलाचे पाय तळाला टेकत नाहीत. पाय टेकलेला माणूस धक्का बसताच स्वतःला सावरतो. अधांतरी पायांचे मूल आसनावर घसरते.

“हाताने धरून ठेवू,” असे आपण म्हणतो. त्यातील फोलपणा थोड्या गणिताने दिसून येतो. आपण एस.टी.तून जात असताना चालकाने एकदम ब्रेक लावला, तर उभी माणसे पुढे फेकली जातात. गाडी थांबते, परंतु शरीराची गती तत्काळ थांबत नाही, हे त्याचे कारण. वेगाच्या खेळांत असे धक्के वारंवार आणि निरनिराळ्या दिशांनी बसतात. मोठ्या रोलर कोस्टरमध्ये उताराच्या तळाशी गाडी वर वळते, तेव्हा आपले वजन तिप्पट झाल्यासारखे वाटते. मांडीवरील मूल १५ किलोचे असेल, तर त्या क्षणी ते ४५ किलोंच्या भाराने दाबू लागते. आणि सावरणाऱ्याचे स्वतःचे हातही तितकेच जड झालेले असतात. मायेने धरलेला हात पोलादी दांडीचे काम करू शकत नाही.

दुसरी गोष्ट शरीराच्या ठेवणीची. नवजात बालकाचे मस्तक त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एकचतुर्थांश असते. वाढ पूर्ण झालेल्या माणसात हे प्रमाण सुमारे एकअष्टमांशावर येते. अर्थात लहान मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे व जड असते आणि ते तोलून धरणारे मानेचे स्नायू मात्र अद्याप कोवळे असतात. मोठ्या माणसाला गंमत वाटणारा हिसका मुलाच्या मानेला सोसवेलच असे नाही.

हिसका किती बसावा, याचेही शास्त्र आहे; आणि ते चुका करीत करीतच सिद्ध झाले आहे. १८९५ साली कोनी आयलंड येथेच एक गाडी सुरू झाली. ती उभ्या वर्तुळातून पूर्ण उलटी होऊन बाहेर येई. परंतु ते वर्तुळ अगदी गोल होते. सरळ रुळावरून गाडी त्या गोलात शिरताच बसणाऱ्यांच्या मानेला जबरदस्त हिसका बसे. गणिताने असे दाखविता येते, की गोल फेऱ्याच्या माथ्यावर गाडीचा रुळाशी संबंध जेमतेम टिकेल इतक्याच वेगाने ती नेली, तरी तळाशी बसणाऱ्याला आपले वजन सहापट झाल्याचा अनुभव येतो. त्यामुळे लोक त्या खेळाला कचरू लागले आणि तो बंद पडला. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियातील एका उद्यानात अश्रूच्या थेंबासारख्या आकाराचा फेरा बांधण्यात आला. त्यात तळाशी, जेथे वेग अधिक असतो, तेथे वळण मोठे व संथ. आणि माथ्यावर, जेथे वेग कमी होतो, तेथे ते लहान. त्यायोगे हिसका पुष्कळच सौम्य झाला. ज्या खांबावरची तांबडी रेघ पाहून आपण चिडतो, तिच्यामागे अशा अनुभवांची मालिका उभी आहे.

आता कोणी विचारील, की ही मर्यादा उंचीनेच का मोजतात, वयाने का नाही? याचे कारण सरळ आहे. दांडीला वय कळत नाही. सात वर्षांचा एक मुलगा १२५ सेंटिमीटर उंच असतो, तर त्याच्याच वर्गातील दुसरा ११५ सेंटिमीटर. खांदे आसनाच्या पाठीला कोठे टेकतात, मांडी दांडीखाली कितपत भरते, पाय कोठवर पोहोचतात, या सर्वांचा अंदाज उंचीवरून बऱ्यापैकी बांधता येतो, आणि ती फाटकावर एका क्षणात मोजता येते. म्हणूनच सौम्य खेळांसाठी निराळी, वेगवान खेळांसाठी निराळी, अशा रेघा ठरविलेल्या असतात. १०२, १२२ आणि १३७ सेंटिमीटर या त्यांतील नेहमी आढळणाऱ्या मर्यादा होत. इंचांत बोलायचे तर त्या ४०, ४८ आणि ५४ इंच भरतात.

उंचीची रेघ नसलेल्या खेळांतही थोडा विचार लागतो. लाकडी घोड्यांच्या चक्राचे उदाहरण घ्या. समजा, बाहेरच्या रांगेतील घोडा मध्यापासून सहा मीटर अंतरावर आहे आणि आतल्या रांगेतील तीन मीटरांवर. चक्र मिनिटाला चार फेरे घेते. दोन्ही घोडे एकाच वेळी फेरा पूर्ण करतात. परंतु बाहेरचा घोडा मिनिटाला सुमारे १५० मीटर तोडतो, तर आतला ७५ मीटर. म्हणजे बाहेरच्याचा वेग ताशी ९ किलोमीटर आणि आतल्याचा साडेचार किलोमीटर, जवळजवळ माणसाच्या चालीइतका. बाहेर फेकणारा जोरही आतल्या घोड्यावर निम्माच असतो. तेव्हा पहिल्यांदाच बसणाऱ्या मुलाला आतल्या घोड्यावर बसवावे आणि वडील माणसाने त्याच्या बाहेरच्या अंगाला उभे राहावे. मुलाला न घाबरवता त्याचा आनंद राखण्याची ही युक्ती एका साध्या गुणाकारातून निघते.

ज्याला जत्रेत ‘ब्रेकडान्स’ म्हणतात, त्या गिरक्या घेणाऱ्या आसनांच्या खेळात याच जोराचे दुसरे रूप दिसते. आसन वेगाने फिरू लागताच बसलेली माणसे बाहेरच्या कडेकडे ढकलली जातात. मूल बाहेरच्या बाजूला आणि मोठा माणूस आतल्या बाजूला बसला, तर मोठ्याचा सारा भार मुलावर येतो आणि ते चेंगरते. म्हणून मोठ्याने बाहेर बसावे, लहानाने आत. बहुतेक आईबाप नेमके उलट करतात. मुलाला बाहेरचे नीट दिसावे, हा त्यांचा हेतू असतो. हेतू चांगला असला म्हणजे कृती बरोबर असतेच असे नाही. सैल ओढणी, पदर आणि मोकळे केस यांविषयीही तीच दक्षता हवी. फिरणाऱ्या यंत्रापाशी जाण्यापूर्वी ते घट्ट बांधून वा खोचून घेतलेच पाहिजेत.

गिरक्या घेतल्यावर मळमळते, तेही विनाकारण नव्हे. आपल्या आतल्या कानात अर्धवर्तुळाकार नलिका आहेत आणि त्यांत द्रव भरलेला आहे. डोके फिरले, की या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला गतीची वार्ता कळते. आपण थांबलो तरी तो द्रव काही काळ हलत राहतो. डोळे म्हणतात, ‘आपण स्थिर आहोत’. कान म्हणतो, ‘अजून फिरत आहोत’. या परस्परविरोधी साक्षींनी मेंदू गोंधळतो आणि घेरी येते, कधी उलटीही होते. दोन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना हा त्रास विशेष जाणवतो. म्हणून भरपेट जेवणानंतर लगेच गिरक्यांच्या खेळात बसू नये; जेवण थोडे व हलके असावे, आणि दोन वेगवान खेळांच्या मध्ये सावलीत बसून थोडे थोडे पाणी प्यावे.

ही झाली यंत्राची आणि शरीराची बाजू. परंतु कुटुंब म्हणजे केवळ शरीरांची बेरीज नव्हे. रुसवे, हौस, भीती आणि थकवा यांनाही तेथे जागा असते. आमचा तो दिवस सावरला तो माझ्या पत्नीने. आम्ही बाकावर बसलो असता ती म्हणाली, “आपण उलटे निघालो. आधी धाकट्याला झेपतील ते खेळ बघायला हवे होते. थोरली त्यांतही रमली असती. मोठ्यांच्या खेळात धाकटा कसा रमेल?” ही सूचना इतकी साधी होती, की ती आम्हां शिकलेल्या माणसांना सुचली नाही, याचे नवल वाटले. वस्तुतः घरून निघण्यापूर्वीच मुलांची उंची मोजावी, कोणत्या खेळाला कोणती मर्यादा आहे हे पाहून ठेवावे आणि मुलांना ते आधीच सांगावे. घरी ऐकलेला नकार मूल पचविते; पाऊण तास उन्हात उभे राहिल्यावर फाटकावर ऐकलेला नकार त्याच्या जिव्हारी लागतो. आमच्या नातवाच्या डोळ्यांत जे पाणी आले, ते फाटकावरील तरुणामुळे नव्हे, तर आम्ही मोठ्यांनी ही एवढी गोष्ट केली नाही म्हणून आले.

त्यानंतर आम्ही पाळी लावली. नात आपल्या वडिलांबरोबर उंच गाडीत बसून आली. तोपर्यंत आई नातवाजवळ थांबली. मग वडील त्याच्याजवळ थांबले आणि आई गेली. अमेरिकेतील मोठ्या उद्यानांत यासाठी रीतच ठरलेली आहे. लहान मुलाजवळ थांबलेल्या पालकाला आपली पाळी आली, की पुन्हा मोठ्या रांगेत उभे राहावे लागत नाही. आपल्याकडेही फाटकावर नम्रपणे विचारून पाहण्यास हरकत नसावी. मात्र जो मागे थांबतो, त्याने थांबणे म्हणजे शिक्षा समजू नये. त्या वेळात लहानग्यासाठी काहीतरी निराळे, केवळ त्याचेच असे, असावे. आम्ही तेवढ्या वेळात डॅशिंग कारच्या मैदानाशी जाऊन कोणती गाडी कोणाला धडकेल याची पैज लावीत होतो. आणि प्रत्येक पैज नातवाने जिंकली.

दुपारनंतर एक निराळाच प्रश्न उभा राहिला. सकाळी उंच गाडीत हसत बसलेली नात आकाशपाळण्याच्या रांगेत मात्र एकाएकी गप्प झाली. तिची उंची पुरेशी होती. रांगही बरीच पुढे सरकली होती. “मला नाही जायचे,” ती हळूच म्हणाली. मागची माणसे हसली. अशा वेळी आपण मुलांना ‘भित्री भागूबाई’ म्हणून चिडवितो किंवा ‘एवढी तिकिटे काढली, आता बसलेच पाहिजे’ असे दटावितो. माझ्याही ओठांवर तेच शब्द आले होते. परंतु सकाळचा प्रसंग ताजा होता. उंचीची रेघ खांबावर दिसते. मनाची रेघ कोणालाच दिसत नाही. ती ज्याची त्यालाच ठाऊक असते. मूल जेव्हा ‘नको’ म्हणते, तेव्हा ते आपले माप प्रामाणिकपणे सांगत असते. त्याला बळेच बसविले आणि पाळणा वर गेल्यावर ते घाबरून उभे राहू लागले, तर अनर्थ ओढवेल. सून काही न बोलता नातीचा हात धरून रांगेबाहेर आली. पुढच्या वेळी ती बसेल, न बसेल. परंतु आपले ‘नको’ घरच्यांनी ऐकले, एवढे तिच्या ध्यानात राहील.

आणखी एका दक्षतेचा उल्लेख केला पाहिजे. जत्रा असो वा उद्यान, गर्दीत मूल हरवण्याची धास्ती सर्वत्र सारखीच. पूर्वी आमची आई जत्रेत शिरण्यापूर्वी देवळाची दीपमाळ दाखवून सांगे, “चुकामूक झाली तर येथे येऊन उभे राहायचे. कोठेही हिंडायचे नाही.” आज दीपमाळेऐवजी प्रवेशद्वार किंवा कारंजे असेल, परंतु सूचना तीच. मुलांच्या खिशात नाव आणि दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि गणवेशातील कर्मचारी कसे ओळखावेत हे त्यांना आधी दाखवून ठेवावे.

संध्याकाळी परत निघताना नातवाने त्या तांबड्या रेघेच्या खांबाकडे पुन्हा एकदा पाहिले. घरी आल्यावर त्याने मोजण्याची फीत मागितली. मी आमच्या मधल्या दाराच्या चौकटीवर १२२ सेंटिमीटरांवर पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि त्याच्या माथ्याशी, ११८ वर, दुसरी. या वयात मुले वर्षाला सुमारे पाच ते सहा सेंटिमीटर वाढतात. तेव्हा चार सेंटिमीटरांना किती महिने लागतील, हे गणित त्याने बहिणीच्या मदतीने सोडविले. उत्तर आठ ते दहा महिने असे आले. ते ऐकून तो म्हणाला, “एवढेच?” फाटकावर जे कायमचे ‘नाही’ वाटले होते, ते गणिताने ‘अद्याप नाही’ ठरले होते.

दिवाळीला मंडळी पुन्हा आली. पादत्राणे काढताच नातू चौकटीपाशी जाऊन पाठ टेकून उभा राहिला. माथ्यावर पाटी आडवी धरून मी खूण केली. १२१ सेंटिमीटर भरले. एकाच सेंटिमीटराची उणीव होती. मी काही बोलण्यापूर्वीच त्याने खाली बोट दाखविले आणि म्हटले, “आजोबा, नीट बघा हं. टाचा टेकलेल्या आहेत.”